हद्दीच्या अलीकडे

माझी पहिली दोन्ही बाळंतपणं माहेरी, साताऱ्याला झाली. तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा आम्ही जालन्यात होतो, आणि निजामाच्या राज्यातून बाहेर पडणं अवघड होऊन बसलं होतं.

यांना जालन्यात कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटरची नोकरी मिळाली, म्हणून आम्ही या मुलखात आलो होतो. दोन-चार वर्षं काढायची आणि परतायचं, असं ठरलेलं. ती वर्षं लांबतच गेली. सरकारदरबारी आम्ही गैरमुल्की, म्हणजे परक्या राज्याची माणसं. गल्लीत मला 'सातारवाल्या बाई' म्हणत. मी भिंतीत खुंटी मारू देत नसे, नवं भांडं घेत नसे. जायचंच आहे तर कशाला? थोरली मुलगी शाळेत उर्दू गिरवायची आणि घरी येऊन "मी खेळून राह्यले" म्हणायची. मी तिथल्या तिथे सुधारायची, "खेळतेय म्हण."

मग तिकडे स्वराज्य झालं. माझं माहेर स्वतंत्र झालं आणि मी राहिले इकडे. वर्षभरात इथली हवाच बिघडली. हत्यारबंद टोळ्या गावं लुटत असल्याच्या बातम्या रोज येत. स्टेशनावर झडत्या सुरू झाल्या. हे म्हणत, "थोडं थांबू." मला थांबवत नव्हतं. घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत माझ्या येरझाऱ्या चालत.

"अहो, माझं मूल इथं जन्मायला नको."

"अगं, अशा दिवसांत आणि तुझ्या अशा अवस्थेत?"

घरमालकीण दारात ऐकत होत्या. मुलं त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही. त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही बिलकुल ऐकून न्हाई राह्यल्या. मंग मी येते संगं. टेंभुर्णीला माझी बहीण हाय. तिथून हद्द काही लांब न्हाई."

श्रावणात दोन्ही मुलांना घेऊन आम्ही बैलगाडीने निघालो. काळ्या मातीचा चिखल चाकांना चिकटून बसे; हे आणि गाडीवान उतरून तो काढत. टेंभुर्णीच्या अलीकडेच माझ्या कमरेतून कळ निघाली. मी बोलले नाही. बोलले असते तर गाडी गावातच थांबली असती, आणि मला पुढे जायचं होतं. ओठ दाबून मी गाडीचा दांडा घट्ट धरून बसले. मावशी माझ्या हाताकडे बघत होत्या.

"कळा येऊन राह्यल्या ना?"

"न्हाई," मी म्हणाले. घाईत तोंडातून त्यांचाच शब्द गेला.

मावशींनी गाडीवानाला हाक मारली, "जल्दी घे रे, बहिणीच्या घराकडं."

दिवेलागणीच्या आधी मुलगा झाला. मावशींच्या बहिणीने न्हाणीमागे नाळ पुरायला खड्डा खणायला घेतला, तशी मी बाजेवरून ओरडले, "इथं नका पुरू! थोरल्या दोघांची साताऱ्यात आहे."

बहीण खुरपं हातात घेऊन दारात आली. "मंग काय गाठोड्यात बांधून नेता साताऱ्याला?"

मावशी हसल्या. मला हसू आलं, आणि लगेच रडूही.

नाळ तिथेच पुरली.

पुढचे दिवस बाजेवर काढणं मला फार जड गेलं. दारातून वाट दिसायची. इथली पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं गाठोडी डोक्यावर घेऊन हद्दीपलीकडे निघाली होती. मुल्की बाहेर चालले होते आणि मी गैरमुल्की आत पडून होते. बाळ दूध ओढायचं आणि माझं लक्ष वाटेवर. आणखी कोण गेलं, हे मी यांना सारखी विचारायची.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि थोड्याच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. हे बाहेरून आले आणि बाजेच्या कडेला बसले.

"आता हद्दच राहिली नाही. बोल, कुठं जायचं?"

"साताऱ्याला," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

गाड्या सुरळीत झाल्यावर आम्ही गेलो. आईने बाळाला मांडीवर घेतलं, बारसं थाटात झालं. येणारा-जाणारा तिकडच्या दंगलींचं विचारायचा. सांगून सांगून मी थकले. स्वयंपाकघर वहिनींच्या हातात. मी डबा उघडला की त्या धावत येत, "वन्सं, तुम्ही बसा हो." पाहुणीसारखी किती बसणार? दिवाळीनंतर हे जिनिंगच्या हंगामासाठी जालन्याला परतले, आणि माझं साताऱ्यात बूड टेकेना. शेवटी मीच भावाला म्हटलं, "मला पोचवून ये."

मावशींनी दार उघडलं, बाळाला काखेत मारलं आणि म्हणाल्या, "चूल पेटवून ठेवलीय. चहा टाका."

त्यानंतर कितीतरी वर्षं मला दर उन्हाळ्यात साताऱ्याला जायची ओढ लागायची, आणि तिथे पोचून आठवडा होतो न होतो तोच परतीच्या गाडीची चौकशी करायचे.