बाबांचा पखवाज आणि फुकटची छत्री

त्या डिशवाल्यांच्या नावाने मी वर्षभर बोटं मोडत होते. मराठी बातम्या हव्यात? मग सोबत कार्टून घ्याच. कार्टून नको? मग बातम्याही नाहीत. घाटकोपरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघी, साठी उलटलेली आई आणि दिवसभर मरोळला कंपनीत राबणारी मी. कार्टून कोण बघणार, कपाळ! तक्रारीला फोन लावला की एक दाबा, दोन दाबा, आणि मग तीच टुकार ट्यून. शेवटी डोकं सटकलं. म्हटलं, बास, ही डिश काढून महिन्याचे पैसे न लागणारी फुकटची छत्री लावायची.

आई एवढंच म्हणाली, "आणि बाबांचा काय गो?"

बाबा गाववाल्यांच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी केली, पण माणूस जगला त्या पखवाजावर. एका गणपतीत मंडळ टीव्हीवर आलं, तेव्हा डिशच्या बॉक्सला पेनड्राइव्ह लावून मी ते रेकॉर्ड करून ठेवलं. बाबा गेल्यावर घरात त्यांचं तेवढंच राहिलं. त्यात दुसऱ्या कडव्यानंतर सगळे थांबतात आणि एकटा पखवाज बोलतो. आई रोज संध्याकाळी देवाला दिवा लावला की ते लावायची. हाताने ताल धरायची, आणि बाबांची पाळी आली की हात मांडीवर ठेवून नुसती ऐकायची.

"अगं, बाबा ह्याच्यात आहेत," म्हणत मी पेनड्राइव्ह काढून तिच्या हातात दिला. तिने तो पदराने पुसला आणि देव्हाऱ्यात गणपतीशेजारी ठेवला. मला हसूच आलं.

छत्रीवाला आला. "ताई, जुना बॉक्स द्या, वायर फुकट टाकतो." मी टपलेलीच होते. अंगावरचं झुरळ झटकावं तसा तो बॉक्स त्याच्या पिशवीत टाकला.

आणि फुकटात आलं काय? गुडघ्याचं तेल. नशीब उघडणारे खडे. नवऱ्याला मुठीत ठेवायचा ताईत विकणारा एक तेलकट माणूस, जो प्रत्येक चॅनलवर हजर. मध्येच दहा मिनिटं सिनेमा, तोही अर्ध्यातून. शी! ओकारीच आली.

त्याच संध्याकाळी आईने दिवा लावला. मी देव्हाऱ्यातून पेनड्राइव्ह घेऊन टीव्हीला लावला. फाइल चालत नाही. काढला, फुंकर मारली, पुन्हा लावला. तेच. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लावून पाहिला, तिथेही तेच. मग पुन्हा त्या डिशवाल्यांना फोन, पुन्हा एक दाबा, दोन दाबा. शेवटी एक पोरगी गोडगोड आवाजात म्हणाली, "मॅडम, रेकॉर्डिंग फक्त त्याच बॉक्सवर चालतं."

बाप माझा, पेनड्राइव्ह माझा, रेकॉर्ड मी केलं, आणि कुलूप ह्यांचं! नालायक कुठले!

धावत छत्रीवाल्याच्या दुकानात गेले. तो चहा पीत होता. "ते बॉक्स काल भंगारात गेले ना ताई. आधी बोलायचं ना!" त्याला काय शिव्या घालणार? तो बॉक्स त्याच्या पिशवीत कोणी टाकला होता? मीच ना? मला माझीच किळस आली. कार्टूनच्या रागात बाबांना उचलून भंगारात दिलं मी.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. म्हटलं, तिने चार शिव्या तरी द्याव्यात. ती पेनड्राइव्ह पुन्हा देव्हाऱ्यात ठेवत म्हणाली, "ऱ्हवांदे. तू जेव आधी."

छत्री आजही वर आहे. ती काढायचाही कंटाळा येतो मला. संध्याकाळी आई दिवा लावते, त्या वेळी टीव्ही बंद असतो. मग ती स्वतःच ते भजन म्हणते, बारीक आवाजात, हाताने ताल धरून. दुसरं कडवं संपलं की हात मांडीवर ठेवते आणि गप्प बसते. बाबांचं वाजवून होईल एवढा वेळ थांबते. मग तिसरं कडवं घेते.