कोरडी पिशवी

मालती कारखानीस बाई नसत्या, तर आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालोच नसतो. शहाडच्या शाळेत त्या चित्रकला शिकवत. माझ्या आईवडिलांना प्रवेशाचा फॉर्म वाचता येत नव्हता. तो बाईंनी भरला आणि मला घेऊन स्वतः कला महाविद्यालयात आल्या. दीड महिन्यापूर्वी त्यांच्या मुलीचा, वसुधाताईंचा फोन आला, "सुनील, आई सकाळी गेली रे..." मी तेव्हा माजिवड्याला रिक्षात होतो. समोरच्या होर्डिंगवर बाईंचाच हात होता. मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

बाई वर्गात जाहिरातींची कात्रणं आणायच्या आणि वहीत दोन रकाने आखायला लावायच्या, काय दाखवलंय आणि काय दाखवलेलं नाही. "कपडे पांढरे झाले, ते दिसलं. फेसाचं पाणी कुठे गेलं, ते दिसतं का रे?" दुसरा रकाना रिकामा दिसला की वही परत. वेळेवर न दिलेल्या वहीवर लाल पेन्सिलीने एकच शेरा, 'उशिरा'. निवृत्त झाल्यावर दर रविवारी त्या नदीवर जाऊन लोकांनी टाकलेल्या निर्माल्याच्या पिशव्या बाहेर काढायच्या. एकदा भेटायला गेलो तेव्हा मी त्यांचा फोटो काढला. पुढे केलेला डावा हात, मनगटावर काळ्या पट्ट्याचं पुरुषी घड्याळ, हातात पाण्यातून नुकतीच वर आलेली पिशवी. मागे एका कारखान्याचा पाइप, नदीत सांडपाणी ओतणारा.

मी ठाण्यात एका जाहिरात कंपनीत काम करतो. रसायनं बनवणाऱ्या एका कंपनीला 'नदी वाचवा' अशी जाहिरात हवी होती. मी कौतुकाने हा फोटो दाखवला. साहेब म्हणाले, "मस्त आहे. तो पाइप उडव फक्त. आणि पिशवी टाकतेय असं वाटू दे. गिल्ट पब्लिकला आला पाहिजे यार, क्लायंटला नाही." मी उडवला. पाणी काळंनिळं केलं, हात उजळ केला, म्हणजे नजर आधी हातावर जाते, मग पिशवीवर आणि तिथून घसरून खालच्या ओळीवर, 'नदीला मारणारा हात तुमचाच आहे'. चेहरा मुद्दाम ठेवला नाही. चेहरा नसला की बघणाऱ्याला तो हात स्वतःचा वाटतो. कोपऱ्यात हिरवं पान आणि त्याखाली कंपनीचं नाव. विष ओतणारे त्या पानाआड बसले आणि बोट दाखवायला त्यांनी नदी साफ करणारीचाच हात वापरला.

होर्डिंग शहाडमध्येही लागलं. तो हात कुणाचा, हे तिथे घड्याळावरून सगळ्यांनी ओळखलं. रोजची भाजीवाली हसत म्हणाली, "काय बाई, पोरांना शिकवता नि पिशव्या तुम्हीच टाकता होय?" काठावरची मुलं मोबाइल रोखून विचारायची, "आजी, अजून एक फोटो?" बाईंनी नदीवर जाणं सोडलं. मग मला फोन केला.

"चित्र छान बसलंय. फक्त एक सांग, पाण्यातून आलेली पिशवी कोरडी कशी?"

"छपाईत तसं झालं असेल, बाई."

"असं... बरं. दोन रकाने लिहून पाठव."

मी कित्येक महिने लिहिलं नाही. लिहिलं तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. तेराव्याला वसुधाताईंनी ते पत्र माझ्या हातात ठेवलं. "तुझी वही तपासून ठेवलीय तिने," म्हणाल्या. वर लाल पेन्सिलीने एक शब्द होता, 'उशिरा'.

होर्डिंग उतरवा, म्हणून मी ऑफिसात भांडलो. साहेबांनी विचारलं, "त्या बाई गेल्या ना? मग आता ऑब्जेक्शन कोणाचं आहे?" माझं आहे. हे ज्यात छापून येतंय ती वर्तमानपत्राची पुरवणी शहाडमध्ये घरोघरी वाचतात, म्हणून ते पत्र इथे जसंच्या तसं देतोय.

'आदरणीय बाई,

दाखवलेलं: तुमचा डावा हात, पिशवी, काळं पाणी, हिरवं पान.

न दाखवलेलं: कारखान्याचा पाइप. तुमचा उजवा हात. त्यात आधी काढलेल्या चार पिशव्या होत्या.

पिशवीतून पाणी गळत होतं. ते थेंब राहिले असते, तर पिशवी वर येतेय हे कुणालाही कळलं असतं. ते छपाईत गेले नाहीत, बाई. मी खोटं बोललो. ते मी एकेक करून पुसले, आणि पुसताना हात कुणाचा आहे, हे मला माहीत होतं.

तुमचा विद्यार्थी,
सुनील'