उलट्या वेलीचा पेला

पेला माझ्या हातून फुटला. आधीच सांगून टाकते, कारण मी तोंडाळ बाई आहे, आडवळणानं बोलायला मला जमत नाही. भांडी विसळता विसळता फोनवर बहिणीशी भांडत होते, ओल्या हातातून निसटला आणि सहातला एक गेला.

हे सहा पेले सासूबाईंच्या आईचे. पातळ काच आणि पोटावर नाजूक पानांची वेल कोरलेली. आईनं ते धाकटीला, म्हणजे सासूबाईंना दिले आणि थोरलीच्या, म्हणजे मावशींच्या मनात ते कायमचे सलत राहिले. मावशी वर्षातून एकदा राहायला यायच्या. आल्या आल्या त्याच पेल्यातून पाणी मागायच्या आणि सगळे पेले मोजायच्या. "एक जरी फुटला ना, तर उरलेले मी घेऊन जाणार," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझं लग्न झालं त्या वर्षी माझ्याकडे बघून त्याला पुस्तीही जोडली, "ही मला धांदरट वाटते. बघच तू."

बघितलंच की!

सासूबाईंनी तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळले. एक शब्द बोलल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मीही दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. गप्प माणसाशी भांडायचं कसं?

सासूबाईंनी एकतीस वर्षं एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काढली. नळ्या, चंबू धुवायचे, पुसायचे, कपाटात लावायचे. प्रत्येक चंबूवर हिऱ्याच्या टोकाच्या लेखणीनं नंबर कोरायचं कामही त्यांचंच. निवृत्त झाल्या त्या दिवशी तिथल्या सरांनी ती लेखणी त्यांनाच देऊन टाकली. घरी आल्यावर ती सुया-दोऱ्याच्या डब्यात पडून होती. पेला फुटला त्याच्या तिसऱ्या दिवशी ती बाहेर निघाली.

दुपारची जेवणं आटोपली की खिडकीशी टेबल, त्यावर सासऱ्यांची जुनी काळी पँट अंथरलेली. काळ्यावर काचेची पांढरी रेघ उठून दिसते म्हणून. तोंडाला रुमाल, डोळ्याला भिंग, काचेवर पाण्याचा थेंब, म्हणजे पूड उडत नाही. आणि मग कर्र, कर्र, कर्र. अंगावर काटा यायचा हो! सासूचा काच, सासूचा काच म्हणतात, तो मला कधी झाला नाही. मला झाली ती काच, स्त्रीलिंगी.

आधी जॅमच्या बरण्या झाल्या, मग साखरेची, मग खोकल्याच्या औषधाची बाटली. घरात कोरी काच म्हणून उरली नाही. सुरुवातीची पानं म्हणजे चक्क झुरळं होती. मी तसं म्हटलं तर म्हणाल्या, "मिशा जरा लांब झाल्या खऱ्या," आणि पुढची बरणी ओढली. नंबर कोरणं सोपं, सगळ्या लहान लहान रेघा. पानाच्या वळणावर मात्र टोक घसरायचं आणि काचेवर खोडाखोड चालत नाही. सासरे म्हणायचे, "मी हल्ली दुपारी झोपत नाही. टक्कल बघून हिला मोह झाला तर?"

आम्ही हसायचो, पण मी आतून धुमसत होते. हे सगळं मला टोचायला चाललंय, अशी माझी पक्की समजूत. शेवटी एक दिवस न राहवून बोललेच, "आई, चार शिव्या घाला मला, पण हे कर्र कर्र थांबवा!"

भिंगातून डोळा न काढता त्या म्हणाल्या, "ताई यायच्या आत सहाचे सहा व्हायला हवेत. नाहीतर बोल तुला लागेल. सरक, उजेड अडतोय."

मी सरकले. गपगुमान. दुसऱ्या दिवशी तसाच पातळ पेला शोधायला बाजार पालथा घातला आणि डझनभर घेऊन आले. पातळ कागदावर जुन्या वेलीची नक्कल उतरवायची, तो कागद पेल्याच्या आतून चिकटवायचा आणि बाहेरून रेघेवर रेघ कोरायची. अकरा पेले वाया गेले. बाराव्याची पानं अशी उतरली की मी त्यांना मिठीच मारली. चार महिने लागले होते.

मावशी येणार त्याच्या आदल्या दिवशी सासऱ्यांनी तो पेला हातात घेतला. "बाकीच्यांची वेल उजवीकडे चाललीय. ही डावीकडे कुठे निघाली?"

सासूबाईंनी पेला उजेडात धरला. "अरे देवा! कागद उलटा चिकटवला गं मी." आता नवा करायला ना पेला होता, ना वेळ. तो सगळ्यात मागे लावून ठेवला.

मावशी आल्या, पाणी प्यायल्या, मोजलं. सहा. मी श्वास सोडला तोच त्यांनी मागचा पेला उचलला. "या वेलीनं तोंड का फिरवलंय?"

एरवी माझ्या तोंडाला टाळा नसतो. नेमकी तेव्हा माझी दातखीळ बसली.

"माझ्या हातून फुटला, ताई," सासूबाई म्हणाल्या. "तसाच करायला गेले, तर उलटा झाला."

"मग ठरल्याप्रमाणे पाच माझे."

"ने," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "आई, खोटं कशाला बोललात? आता पेलेही गेले!"

"हळू बोल. मला ती दोन दिवस बोलेल आणि विसरेल. तुला जन्मभर धांदरट म्हणाली असती. ते मला ऐकवलं नसतं." असं म्हणून त्या भाजी चिरायला बसल्या. मला भोकाड पसरून रडावंसं वाटलं.

तशीच बाहेर आले. मावशी पेले कागदात गुंडाळत होत्या. "मावशी, पेला मी फोडला. आईंनी नाही. फोनवर भांडत होते मी."

त्यांचे हात थांबले. उलट्या वेलीचा पेला उचलून म्हणाल्या, "हा करायला किती दिवस लागले तिला?"

"चार महिने."

त्या पानांवरून बोट फिरवत राहिल्या. "माझ्यासाठी चार तास कधी एका जागी बसली नाही गं ती." मग गुंडाळलेले पाचही पेले माझ्याकडे सरकवले. "हे राहू देत इथंच. मला हा एक दे."

मी तो त्यांच्या हातातून काढूनच घेतला. "पाचही न्या, मावशी. आई 'ने' म्हणाल्यात. हा मिळायचा नाही. हा माझा आहे."

"अगं, पण तो उलटा आहे!"

"असू दे," मी म्हटलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.