रसमिया झाडावर चढते

बसऱ्याजवळच्या अबुल खसीब गावात, खाडीकाठी रसमियाची खजुरांची बाग होती. नवरा वारला त्याच हिवाळ्यात तिचा दीर शाकिर ठेकेदाराला घेऊन दारात आला. आपल्या वाटणीची झाडं त्याने केव्हाच आडवी केली होती. तिथे आता घरं उठत होती.

"उम्म रियाद, बाईमाणसाने बाग कशी राखायची? विकून टाक आणि बसऱ्यात राहा सुखाने."

थोरल्या मुलावरून शाकिर तिला उम्म रियाद, म्हणजे रियादची आई म्हणे, आणि ती त्याला अबू हातिम, हातिमचा बाप. "अबू हातिम, खजुरीला आपण आत्या म्हणतो. आत्याला कुणी विकतं का?"

मग शाकिरने दुसरी वाट धरली. वसंतात मादीझाडांना फुलोरा फुटला की वर चढून नराचा पराग घालावा लागतो. नाहीतर फळ नुसतं खुरटं धरतं. त्या साली गावातला एकही चढणारा रसमियाकडे फिरकला नाही. कुणाचा गुडघा दुखत होता, कुणाला सवड नव्हती. म्हाताऱ्या मिझबानने तेवढं खरं सांगितलं.

"पोरी, शाकिरने आम्हा सगळ्यांना बांधकामावर घेतलंय. तुझ्या झाडावर चढलो तर काम जाईल."

ती घरी आली. इराकवरच्या नाकेबंदीच्या वर्षांत पीठ मिळेना, साखर मिळेना, तेव्हा तिची मुलं खजूर आणि ताकावर वाढली होती. भाकरीबरोबर खजुराचा पाक असे, आणि दळलेल्या बिया गाईपुढे जात. या झाडांनी तिचं एकही मूल उपाशी निजू दिलं नव्हतं.

सकाळी तिने अंगरख्याखाली नवऱ्याची विजार चढवली, त्याचा चढायचा दोरपट्टा कमरेला आवळला आणि पहिल्या झाडाला हात घातला. अर्ध्यावरून ती खाली उतरली. तोंड धुऊन ती पुन्हा चढली. काट्यांनी दंड रक्ताळले, पण पराग पडला.

दुपारपर्यंत कुंपणाशी माणसं जमली. शाकिरही आला.

"उतर खाली. कबिल्यात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

"मग दाखवू नका," ती वरून म्हणाली. "आणि बाजूला व्हा, झावळी तोडतेय. टाळक्यात बसली तर तेही माझ्यावरच घालाल."

कुणीतरी फिसकन हसलं. शाकिर पाय आपटत निघून गेला.

सर्वांत उंच झाडं तिला जमली नाहीत; त्यांचं फळ वाया गेलं. बाकीची मात्र पिवळ्याजर्द घोसांनी वाकली. उन्हाळ्यात मिझबान आपणहून आला, वर बघत राहिला.

"हात जड आहे तुझा. पराग फार घातलास."

"मग शिकवा ना."

बांधकाम सोडून तो घोस बांधायला लागला.

खजूर उतरवल्यावर शाकिरला नातू झाला. बाळाच्या तोंडात टाळूला चोळायला, पहिला गोड घास म्हणून, घरचा खजूर हवा, आणि त्याच्याकडे तर झाड उरलं नव्हतं. त्याच्या बायकोने निरोप धाडला. रसमिया म्हणाली, "आजोबांनी यावं."

शाकिर आला, पण फाटकाबाहेरच उभा राहिला. तिने निवडून, मऊ पिकलेल्या खजुरांची टोपली त्याच्या हातात ठेवली.

"बाळ गोड तोंडाने वाढो, अबू हातिम."

तो घुटमळला. "ठेकेदार अजून विचारतो आहे..."

"त्याला सांगा, पुढच्या वसंतात मी उंच झाडांवर चढणार आहे."

एवढं बोलून ती चटईवर पसरलेला खजूर उलटायला वळली.