मोहफुलं एकाच घरची, शिक्षा मात्र दोन

आज कोर्टात मनासारखा निकाल लागला, तरी डोकं ठिकाणावर नाही. वकील मित्रमैत्रिणींनो, वाचा आणि बोला.

चिमूरकडचे दोघे भाऊ. परवान्याशिवाय घरात मोहफुलं साठवली म्हणून दोघांनाही जेल झाली. थोरला पूर्ण शिक्षा भोगून आला. धाकट्यानं अपील केलं. मधल्या काळात परवान्याची अटच गेली. अपिलात गुन्हा कायम राहिला, शिक्षा तेवढी नव्यानं ठरवायची होती.

"आजचा नियम धरा," असं मी म्हटलं. जजसाहेबांनी मानलं. शिक्षा दिली ती कोर्ट उठेपर्यंत तिथंच बसून राहायची.

सोबत म्हणून थोरलाही दिवसभर त्याच्याशेजारी बसला. संध्याकाळी बाहेर आल्यावर मला म्हणाला, "वकीलबाई, अपील नाई केलं, हाच माहा जास्तीचा गुन्हा का जी?"

मी पर्समध्ये गाडीची किल्ली शोधत राहिले. तुम्ही काय सांगितलं असतं त्याला?