हौद्यातली रिकामी जागा

नवऱ्याने ती अवाढव्य कॅम्पर आणली तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" विस्बाडेनहून मायदेशी निघालेल्या एका अमेरिकन सैनिकाने ती विकायला काढली होती. साधी कॅराव्हॅन गाडीच्या मागच्या हुकाला अडकवतात. हिचं नाक पुढे आलेलं, ते थेट पिकअपच्या हौद्यात येऊन बसायचं. आणि आमच्या पिकअपचा हौदा आखूड, कारण लांब हौद्याची गाडी आमच्या श्टेलप्लात्समध्ये, म्हणजे पार्किंगच्या आखून दिलेल्या जागेत, मावेना. र्युसेल्सहाइममध्ये दिवसभर गाड्यांची डिझाइनं करणारा माणूस, आणि घरी असली जोडी जमवतो!

पण आणली होती आईंसाठी. आई म्हणजे माझ्या सासूबाई, अकोल्याहून आलेल्या. एका ऑपरेशननंतर त्यांना सारखं बाथरूमला जावं लागायचं आणि त्या धास्तीने त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं होतं. सख्ख्या भाचीच्या लग्नाला गेल्या नाहीत. इकडे येताना विमानात पाण्याचा घोट घेतला नाही, उतरल्या तेव्हा ओठ फुटलेले. आल्यापासून नुसत्या खिडकीत बसून. समुद्र मात्र एकदा बघायचा होता त्यांना. "मला कुठे नेता रे, तुमचेच हाल व्हायचे," म्हणायच्या. मला त्यांची फार दया यायची आणि तितकाच रागही यायचा. कॅम्परमध्ये बाथरूम होतं. थांबायचं, मागे जाऊन यायचं, विषय संपला.

आखूड हौद्याची भानगड अशी, की गाडी फार वळवली तर कॅम्परचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेवर येतो. म्हणून हौद्यातली कपलिंग, जिच्यात कॅम्परचं नाक अडकवतात ती, सरकती होती. वळायच्या आधी खटका ओढायचा, कॅम्परचा ब्रेक लावून गाडी जरा पुढे घ्यायची, की कपलिंग मागे सरकते आणि केबिन आणि कॅम्परच्या मधे अंतर पडतं. त्यासाठी तिच्या मागची जागा रिकामी ठेवायची.

आता आमच्या आईंना रिकामी जागा कुठली बघवणार! निघायच्या सकाळी नवरा टाकीत पाणी भरत होता, मी वर दारं-खिडक्या लावत होते. तेवढ्यात या बाईंनी स्टुलावर चढून हौद्यात कणकेचा डबा, कुकर आणि अकोल्याहून आणलेला लोखंडी खलबत्ता ठेवला आणि वर छान सतरंजी अंथरली.

कासेलच्या पुढे हायवेलगतच्या एका रास्टप्लात्सवर, गाड्यांच्या थांब्यावर, थांबलो. आई कॅम्परमध्ये जाऊन आल्या. चहा दिला तर म्हणाल्या, "नको गं, उगाच." निघताना समोर एक ट्रक आडवा लागलेला, त्यामुळे नवऱ्याला गाडी अगदी काटकोनात वळवायची होती. त्याने खटका ओढला, गाडी पुढे घेतली. कपलिंग थोडी सरकली आणि अडली. त्याला वाटलं, टोकाला पोचली. मी आईंना घेऊन बाजूला उभी राहून "येऊ दे, येऊ दे" करत होते. "अरे थांब, थांब!" म्हणून ओरडले, तोवर काच खळ्ळकन खाली आली.

सतरंजी उचलली तर खाली खलबत्ता अडकून बसलेला.

"अहो आई, कुणी सांगितलं होतं हे?" मी भडकलेच.

"एवढी जागा रिकामी कशी न्यायची गं?" त्या पुटपुटल्या.

नवऱ्याने काचा झाडल्या, खिडकीला प्लास्टिक चिकटवलं. "जाऊ दे आई," तो म्हणाला, "आता घरी जाऊ. काच बसवू, मग पुन्हा कधीतरी निघू." प्रेमानेच म्हणाला. मलाही पटलं, कारण त्या प्लास्टिकच्या भरवशावर समुद्रापर्यंत जायचं म्हणजे कठीणच होतं. आम्ही गाडीत बसलो. तो नेव्हिगेशनवर घरचा पत्ता टाकायला लागला, तशी आईंनी मागून त्याची बाही धरली.

"घरी नको नेऊस रे. एकदा आत शिरले की मी पुन्हा नाही बाहेर पडायची. मला माझं माहीत आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली उतरले, खलबत्ता, कुकर, डबा सगळं उचलून कॅम्परमध्ये नेऊन ठेवलं. त्याने पुन्हा खटका ओढला. या वेळी कपलिंग पार टोकापर्यंत गेली आणि गाडी सहज वळली.

समुद्राच्या दिशेने हायवेला लागल्यावर प्लास्टिक इतकं फडफडायला लागलं की बोललेलं ऐकू येईना. आईंनी माझ्या खांद्याला हात लावला.

"जरा पाणी दे गं."

मी बाटली मागे दिली. त्यांनी ती तोंडाला लावली आणि गटागट अर्धी संपवली.