सासू, सून आणि गॉमर बेव्हनचा रविवार

अमेरिकेतल्या मोनोंगाहेला नदीच्या अलीकडची भट्टी मार्था आणि पलीकडची फ्लोरा. दोन्ही एफ्रम हॅल्डनच्याच. मार्था हे त्याच्या आईचं नाव, फ्लोरा बायकोचं. कुठली भट्टी महिन्यात जास्त लोखंड ओतते याची शर्यत असे, आणि महिनाअखेर जवळ आली की अख्ख्या गावाच्या तोंडी एकच प्रश्न, "काय, सासू पुढे की सून?" जिंकणाऱ्या भट्टीच्या धुराड्यावर दोन पुरुष उंचीचा खराटा बांधत. समोरच्यांना झाडून काढलं, असा त्याचा अर्थ. तो खराटा वर चढताना बायका हातातली भांडी टाकून रस्त्यावर धावत. मीसुद्धा धावलेली आहे.

सासूचा मुकादम होता गॉमर बेव्हन. वेल्सच्या खाणीतून आलेला, बुटका, भुवया कधीच जळून गेलेल्या, आणि आवाज असा की चॅपेलमध्ये तो गायला लागला की खिडक्यांच्या काचा थरथरत. भट्टीचं तोंड फोडतानाही तो स्तोत्रच म्हणे. दुसऱ्या कडव्याला पहार लागायची, तिसऱ्याला लाल धार वाळूच्या सऱ्यांतून धावायची. पाद्रीबाबांची मुलगी म्हणून मी त्याला एकदा हटकलं, तर म्हणाला, "मास्तरीणबाई, देवाला ऐकू जायला हवं ना. आत काय गोंगाट असतो, तुम्हाला काय ठाऊक!"

ठाऊक नव्हतं, पण कल्पना मात्र चोवीस तास करायचे. माझा मुलगा इड्वल त्याच्या टोळीत होता. मी कॉलेजात शिकलेली, यानं मात्र कॉलेजचं नाव काढू दिलं नाही. कारण हॅल्डन. कालव्याकाठी खेचरं हाकणारा अनवाणी पोरगा आज निम्म्या देशाच्या रुळांचा मालक, न्यूयॉर्कला त्याचा राजवाडा, ही गोष्ट वर्तमानपत्रं दर महिन्याला नव्यानं छापत. इड्वलनं त्याचं चित्र पलंगाशी चिकटवलं होतं.

"आई, तोही फावड्यापासूनच वर चढला."

"फावडी लाखभर आहेत रे, हॅल्डन एकच आहे," मी म्हणायचे.

मला खरी धास्ती होती लांब पाळीची. भट्टी कधी विझत नाही. दोन टोळ्या, एक दिवसाची, एक रात्रीची. एक रविवार सोडून पुढच्या रविवारी टोळ्यांची अदलाबदल व्हायची, आणि त्या दिवशी एका टोळीला सलग चोवीस तास उभं राहावं लागे. माणसं चालता चालता झोपत. वितळत्या लोखंडाच्या काठावर.

त्या वसंतात बातमी आली की या खेपेचा खराटा बांधायला हॅल्डन स्वतः येणार, सोबत न्यूयॉर्कचे बातमीदार घेऊन. जिंकलेल्या मुकादमानं मालकाकडे एक गोष्ट मागायची, अशी पद्धतच होती. कोणी सिगारची पेटी मागे, कोणी कोट. बेव्हननं काय मागायचं ठरवलं होतं ते त्यानं बायकोलाही सांगितलं नाही. त्या महिन्यात त्यानं टोळीला असं पळवलं, की मार्था जिंकली!

काय गर्दी होती त्या दिवशी! बँड, झेंडे, खांद्यावर पोरं. हॅल्डन बारीकसा, पांढऱ्या दाढीचा, डोळे चिमणीसारखे चपळ. त्यानं बेव्हनचा हात हातात घेतला. "बोल गॉमर, काय हवं?"

"साहेब, तुमच्या आईसाहेब रविवारी चूलसुद्धा पेटवत नसत, असं पेपरात वाचलं."

"खरं आहे. आम्ही शनिवारचं गार जेवायचो." बातमीदारांच्या पेन्सिली चालू झाल्या.

"मग त्यांच्या नावाच्या भट्टीवर माणसं रविवारी चोवीस तास उभी असतात, हे त्यांना स्वर्गात कोणी कळवलं नसेल ना?"

बँडवाल्यांनी वाद्यं खाली घेतली. इड्वल बेव्हनच्या मागेच उभा होता. हॅल्डननं एकदा बातमीदारांकडे बघितलं, आणि खदखदून हसला. "छापा! ज्या धुराड्यावर खराटा, तिथं लांब पाळी नाही. जादा माणसं मी देईन. माझा शब्द!"

टोप्या उडाल्या. अनोळखी बायकांनी मला मिठ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा मथळा: मातृभक्त हॅल्डन. इड्वल तर हवेत होता. फक्त बेव्हननं टोपी उडवली नव्हती. मी विचारलं तर म्हणाला, "बाई, मी रविवार मागितला. त्यानं चाबूक दिला."

खरंच तसं झालं. आता शर्यत खराट्याची राहिली नव्हती, झोपेची होती. पलीकडची आयरिश कॅथलिक माणसं आपली भट्टी वेड्यासारखी हाकायला लागली. घाईत धार ओल्या वाळूवर सोडली, स्फोट झाला, आणि फ्लोराचा मुकादम मॅलकी डॉयल याच्या भावाचे दोन्ही पाय भाजले. आमच्याकडचेही हट्टाला पेटले. इड्वल घरी येऊन म्हणाला, "त्यांना झोप देणार नाही." माझ्याच मुलाच्या तोंडून!

त्या आठवड्यात बेव्हन माझ्या दारात उभा राहिला, टोपी हातात चुरगाळत.

"बाई, तुम्ही शनिवारी नावेनं पलीकडे जाता ना? मॅनेजर पार्डीसाहेबांच्या मुलीला शिकवायला?"

"जाते. का?"

"मॅलकीला एक निरोप हवाय. मी गेलो तर लोक म्हणतील चॅपेलवाला कॅथलिकांना विकला गेला. तो आला तर त्याचेच लोक त्याला नदीत बुडवतील. तुमच्यावर कोण संशय घेणार?"

निरोप असा होता: महिन्याच्या शेवटच्या दिवशी दोघांनी थोडं लोखंड न तोलता वाळूतच राहू द्यायचं. एकमेकांचा आकडा कळला, की जो मागे असेल त्यानं बरोबरी होईल तेवढंच तोलायला पाठवायचं. बाकीचं पुढच्या महिन्यात.

मॅलकीनं ऐकून घेतलं आणि थुंकला. "त्या गाणाऱ्या बोकडाला सांगा, तो फसवेल."

"तो म्हणालाच होता की तुम्ही असं म्हणाल," मी म्हटलं. "आणि तुमच्या भावाच्या पायांना कसं आहे, तेही विचारलंय त्यानं."

मॅलकीनं थुंकीवर बुटानं माती लोटली. मग म्हणाला, "आकडा घेऊन तुम्हीच या. दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही."

शेवटचा दिवस शनिवारच होता. बेव्हननं मला आकडा सांगितला, मी तो कागदावर उतरवला नाही. नावेत पार्डीसाहेब स्वतः शेजारी येऊन बसले! हवापाणी, मुलीचं व्याकरण, नदीचा चढ, सगळं बोलले. मी हो ला हो म्हणत होते आणि मनात स्तोत्रासारखा तो आकडा घोळवत होते. उतरताना ते म्हणाले, "तुम्ही आज फिकट दिसता." मी म्हटलं, "मुलगा भट्टीवर आहे, साहेब." खोटं काय होतं त्यात?

संध्याकाळी दोन्ही तीरांवर माणसंच माणसं. पार्डीसाहेबांनी आधी मार्थाचा आकडा वाचला. मग फ्लोराचा. मग चष्मा पुसून दोन्ही पुन्हा वाचले. टनाला टन सारखे!

"बेव्हन, हे कसं झालं?"

"काय सांगू साहेब," बेव्हन गंभीरपणे म्हणाला, "सासू-सुनेची एकदाची दिलजमाई झाली."

हशा असा उसळला की पलीकडच्या तीरावर ऐकू गेला, आणि तिकडूनही हशाच परत आला. निकालासाठी आलेले बातमीदार आधीच तारघराकडे धावले होते. हॅल्डनची तार आली: दोन्हीकडे खराटा बांधा. शब्द मोडला असता, तर मातृभक्ताचं नाव आणखी मोठ्या मथळ्यात आलं असतं.

पुढच्या महिन्यातही बरोबरी. त्याच्या पुढच्या महिन्यातही, आणि दर वेळी मी आकडा मनात घोळवत नावेत. अखेर कंपनीनं चिडून शर्यतच बंद केली. पण खराटे उतरवायचे तर कोणी तरी हरायला हवं, आणि शर्यतच नाही म्हटल्यावर हरणार कोण? खराटे राहिले. रविवार राहिला.

शर्यत बंद झाल्यानंतरच्या पहिल्या मोकळ्या रविवारी गॉमर बेव्हन चॅपेलमध्ये पुढच्या बाकावर बसला आणि पहिल्याच स्तोत्राला झोपला. असा घोरत होता की पाद्रीबाबांना प्रवचन ओरडून द्यावं लागलं. त्याच्या बायकोनं कोपर उचललं, तर माझा इड्वल मागून पुटपुटला, "राहू द्या ना काकू. कमावलीय त्यांनी." आणि तोही त्याच बाकाच्या पाठीवर डोकं टेकून झोपी गेला.